ओटीतला गोटा

पळसवद बुद्रुक आणि पळसवद खुर्द. मध्ये नदी, नदीवर पूल, आणि त्या वर्षी पौषापासून पुलाच्या दोन टोकांना दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. खुर्दाकडची लाल, बुद्रुककडची निळी. लाल खुर्चीत कोकिळाअक्का बसायच्या. डोक्यावर पदर, मांडीवर जपमाळ, पायाशी पाण्याची बाटली, आणि नजर पुलावर. कोणी मोटारसायकलचा हॉर्न उगाच लांबवला की अक्का नुसतं बघायच्या. पोरगा हॉर्न सोडून द्यायचा. का नाही सोडणार? खुर्द गावात तिशीच्या आतलं जे कोणी होतं, ते अक्कांच्या हातची खिचडी खाऊन मोठं झालेलं. एकतीस वर्षं त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. कोण ताटलीतले वाटाणे निवडून फेकायचा आणि कोण झोपेत अंथरूण भिजवायचा, हे सगळं त्यांच्या लक्षात. असल्या माणसापुढे कोणाची मिजास चालत नाही.

पौषात काय झालं ते थोडक्यात सांगायला हवं. नदीवर बंधारा आहे. त्याच्या लोखंडी पाट्या लावल्या की पाणी अडतं आणि दोन्ही गावांचा गहू-हरभरा निघतो. एका पहाटे कोणीतरी त्या पाट्या काढल्या. सकाळी बघतात तर पाणी गेलेलं. बुद्रुकवाले म्हणाले, खुर्दनं काढल्या. खुर्दवाले म्हणाले, बुद्रुकनं. खरं कोणी केलं ते आजवर त्या नदीलाच ठाऊक. पण दुपारपर्यंत पुलावर दगड सुरू झाले. एक ट्रॅक्टर जळाला, अकरा माणसं दवाखान्यात गेली, एकतीस जणांवर गुन्हे दाखल झाले. नात्यागोत्याची, एका जातीची, एकाच देवीला नवस बोलणारी दोन गावं, आणि पुलाच्या मध्यावर पोलिसांची गाडी.

पंधरा दिवसांनी ठाण्यात समेट लिहिला गेला. पाणी पाळीनं घ्यायचं, मोबाइलवर एकमेकांच्या गावाबद्दल काही टाकायचं नाही, आणि दोन्ही गावांनी शांतता समिती करून पूल सांभाळायचा. ठाण्याच्या प्रमुख मोहिनी मॅडम, जामनेरकडच्या. बोलायला मऊ, पण शब्दाच्या पक्क्या. त्या म्हणाल्या, "ज्येष्ठात कोर्टात तडजोड सादर होईल. तोवर एक दगड जरी कोणाला लागला, तरी समेट मोडला असं मी लिहून देईन. मग पोरांचं काय होईल ते तुमचं तुम्ही बघा."

समितीत बाया हव्यात म्हणून खुर्दतर्फे कोकिळाअक्का आणि बुद्रुकतर्फे भागाबाई. पुरुष चार दिवस बसले. मग कोणाला मळ्यात काम निघालं, कोणाला लग्न. खुर्च्या बायांकडे आल्या त्या कायमच्या.

आता यात खरी अडचण अशी की अक्कांचं माहेर बुद्रुक. भागाबाई त्यांची लहानपणची जोडीदारीण. दोघी एका झोक्यावर बसलेल्या, एका पाटीवर बाराखडी गिरवलेल्या. पण पौषातल्या दगडफेकीत भागाबाईंच्या थोरल्या मुलाचा हात मोडला होता, आणि तो दगड खुर्दाकडून आलेला. त्यामुळे सव्वा महिना लाल खुर्ची आणि निळी खुर्ची समोरासमोर, पण शब्द नाही. चाळीस पावलांवर बालपणीची मैत्रीण, आणि मध्ये नुसता डांबराचा पूल. अक्का रोज देवापुढे दिवा लावताना म्हणायच्या, "देवा, तिच्या मुलाचा हात लवकर बरा कर. आणि जमलं तर तिची जीभही."

माघ सरला, फाल्गुन लागला, ऊन चढलं. एक दिवस निळ्या खुर्चीतून आवाज आला,

"वं कोके! तुना डोकावर ऊन ऊनं. खुर्ची सरकाड ना, येडी!"

अक्कांनी खुर्ची सावलीत सरकवली. पदराआडून डोळे पुसले. मग ओरडून म्हणाल्या, "पोराचा हात कसाय?"

"बरा शे. भाकर मोडस आते."

त्या दिवसापासून चाळीस पावलांवरून दोघी ओरडून गप्पा मारू लागल्या. आणि त्या ओरडण्यात त्यांनी किती गोष्टी निस्तरल्या! बुद्रुकमध्ये एक म्हैस आडवी झाली आणि बोंब उठली की खुर्दवाल्यांनी तिच्या पाण्यात औषध टाकलं. भागाबाईंनी पुलावरून विचारलं, अक्कांनी खुर्दच्या गोठ्यागोठ्यात चौकशी केली, तेव्हा कळलं, म्हशीनं ज्वारीचे कोवळे, विषारी फुटवे खाल्ले होते. खुर्दच्या वरातीचा बँड पुलावर आला तेव्हा भागाबाई नवरदेवाच्या घोड्यापुढे उभ्या राहिल्या. "वाजवा, पन हळू. मनी सासू आजारी शे," म्हणाल्या. सासूला जाऊन वीस वर्षं झाली होती. बँड हळू वाजला, वरात निघून गेली.

असं साडेतीन महिने निभावलं. आणि मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली.

खानदेशातल्या बायकांना आखाजी म्हणजे काय ते सांगायला नको. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, घरोघरी सांजोऱ्या होतात, गौराईची गाणी रात्ररात्र चालतात. पळसवदची एक जास्तीची रीत होती. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी गौराई बोळवायला दोन्ही गावच्या बाया कोरड्या नदीत उतरायच्या, समोरासमोर उभ्या राहायच्या आणि एकमेकींच्या गावाला पोटभर शिव्या द्यायच्या. त्याला बार म्हणतात. शिव्या शिगेला पोचल्या की नदीतले गोटे उचलून फेकायच्या. मग सगळ्या मिळून डोहात गौराई सोडायच्या आणि एकमेकींना सांजोऱ्या देऊन घरी जायच्या. म्हाताऱ्यांची श्रद्धा अशी की बार झाला नाही तर गौराई रुसते आणि पाऊस मागे सरतो.

मोहिनी मॅडमनी बैठक बोलावली आणि सांगितलं, यंदा बार बंद.

खुर्दचे धनसिंग आबा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "बरोबर आहे मॅडम. बायकांना काय, घरात सोडतील गौराई."

अक्का उभ्या राहिल्या. बैठकीत त्या सहसा बोलत नसत.

"मॅडम, बंद करू नका. साडेतीन महिने दोन्ही गावांच्या पोटात साठलंय. पुरुष पारावर बसून बोलून घेतात. बाया कुठे बोलतील? शिव्या निघू द्या. शिव्या निघाल्या तर मन हलकं होईल. नाही निघाल्या तर पुढच्या पाळीला बंधाऱ्यावर निघतील."

"आणि दगड?"

"दगडाची हमी माझी."

मागून झुलाल नावाचा एक टवाळ म्हणाला, "अक्का, बाया आणि नदीतले गोटे. आणि हमी तुमची? मांजराला दुधाशेजारी बसवून हमी घेता!"

सगळे हसले. अक्का हसल्या नाहीत. "झुलाल, तू अंगणवाडीत मातीचे खडू खायचास. तेव्हाही तू खाणार नाहीस अशी हमी मीच तुझ्या आईला दिली होती. नंतर खाल्लेस का?"

भागाबाई खुर्चीतून उठल्या आणि म्हणाल्या, "बुद्रुकनी हमी मनी."

मॅडमनी दोघींकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ठीक. पण लक्षात ठेवा, मी नदीवर असेन."

अक्कांनी युक्ती काढली. दोन्ही गावच्या बायांनी रांगेत हात धरून उभं राहायचं. दोन्ही हात शेजारणींच्या हातात असले तर गोटा कोण उचलणार? तोंड तेवढं मोकळं. आणि दुसरा नियम भागाबाईंनी घातला: गावावर बोला, गुरांवर बोला, सासूवर बोला, पण नवऱ्यावर कोणी यायचं नाही. कारण पिढ्यान् पिढ्या असंच चालत आलेलं की नवऱ्यावर शिवी आली की तिचं उत्तर तोंडानं देत नाहीत, गोट्यानं देतात. तो बायकांच्या हाताचा धर्मच होऊन बसलेला. दोघींनी गौराईपुढे पाणी सोडून शपथ घेतली आणि आपापल्या गावात घरोघर जाऊन नियम सांगितले.

तृतीयेला घागरी भरल्या, पितरांना नैवेद्य झाला. दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर दोन्ही गावं नदीला लागली. दोन्ही काठांवर पुरुष दाटीवाटीनं बसलेले. पुलावर मॅडम आणि सहा पोलीस. खाली वाळूत दोन रांगा, मध्ये तीस पावलांचं अंतर. अक्का खुर्दच्या रांगेच्या मधोमध. नेसूचं कुसुंबी लुगडं, कमरेला ओटी खोचलेली, उजव्या हातात सुनेचा, दिपमालाचा हात. समोर भागाबाई, पायाशी पाटीभर गोट्यांची रास. नदीच ती, गोटे कुठे नसणार?

रीतीप्रमाणे पाहुण्या गावानं सुरुवात करायची, आणि यंदा पाहुणं बुद्रुक. भागाबाईंनी घसा साफ केला.

"वं खुर्दन्या बायाहोन! तुमना चुल्हामा मांजर झोपस नि तिले उठाडाले कोनी नही!"

बुद्रुकचा काठ गडगडून हसला. अक्कांनी दम घेतला.

"तुमना गावमा माणसं इतला चिक्कट, का पावनाले चहा देतस नि मंग कप चाटी लेतस!"

खुर्दचा काठ उठून टाळ्या वाजवू लागला. साडेतीन महिन्यांत पहिल्यांदा दोन्ही काठ एकाच गोष्टीवर हसत होते. शिव्या चढत गेल्या. म्हशी झाल्या, सासवा झाल्या, देवळाचा वाकडा कळस झाला, बुद्रुकची न चालणारी पाण्याची टाकी झाली. मागच्या रांगेतल्या तरण्या लेकीसुद्धा भान विसरल्या. पौषात ज्यांची डोकी फुटली, त्यांच्या आया घसा फोडून ओरडत होत्या आणि ओरडता ओरडता मोकळ्या होत होत्या. अक्कांना वाटलं, झालं. गौराई पावली.

आणि तिथेच चूक झाली. बाहेरच्या माणसाला ती चूक वाटणारही नाही. भागाबाईंनी अक्कांच्या जुन्या अंगणवाडीतल्या खिचडीवर एक जबरदस्त शिवी हाणली. असली की बुद्रुकचा काठ लोटपोट झाला. अक्कांच्या तोंडात उत्तर आपोआप आलं. चाळीस वर्षं जे उत्तर त्या देत आल्या होत्या, तेच. नियम घातल्याचं ध्यानात यायच्या आत ते बाहेर पडलं:

"तुना नवरा लगीनमा घोडावर उलटा बठेल व्हता, वं भागे! आजून सुलटा व्हयना नही!"

भागाबाईंचे यजमान पुना आप्पा समोरच्या काठावर पहिल्या ओळीत बसले होते. सगळा बुद्रुक त्यांच्याकडे बघून हसला, ते स्वतःही हसले. पण भागाबाईंचा हात! मनाला शपथ ठाऊक होती, हाताला नव्हती. शेजारणीचा हात सुटला, कंबर वाकली, आणि गोटा निघाला. नेम तर भागाबाईंचा सबंध तालुक्यात ठाऊक.

अक्कांच्या डाव्या भुवईवर तो बसला आणि खाली लुगड्याच्या खोचलेल्या ओटीत येऊन पडला.

एवढं सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. काठावरच्या पुरुषांचं आणि रांगेतल्या बायांचं लक्ष पुना आप्पांकडे, मॅडमचं लक्ष काठाकडे. पाहिलं फक्त दोघींनी. भागाबाईंनी, आणि दिपमालानं.

अक्कांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. कपाळावरून गरम ओघळ सुरू झाला. पण त्यांच्या मनात आधी आली ती एकतीस जणांची नावं. मग भागाबाईंच्या मुलाचा नुकता जुळलेला हात. पदर दातांत धरून त्यांनी तो भुवईवरून ओढून घेतला, गाठीसारखा घट्ट. रंग कुसुंबी, रक्त कोणाला दिसणार? दिपमालाचं तोंड उघडलं होतं. अक्कांनी तिचा हात असा दाबला की बांगडी पिचली.

"आई..."

"रडायचं असेल तर रड," अक्का ओठ न हलवता म्हणाल्या, "पण आवाज हसल्याचा काढ."

आणि ती गुणाची पोर खरोखर हसल्यासारखा आवाज काढून रडली.

पण समोर भागाबाई दगडासारख्या उभ्या. तोंड उघडं, हात तसाच पुढे. बार थांबला. खुर्दच्या काठावर दोघं-तिघं उठून उभे राहिले. "काय झालं रे? का थांबल्या?" कोणीतरी पाण्याकडे, कोणीतरी बायांकडे बोट दाखवू लागलं. आता एक जण जरी खाली उतरून जवळ आला, तर सगळं उघडं पडणार होतं. पुलावर मॅडम कठड्याशी आल्या.

अक्कांनी छाती भरून घेतली. डोकं फुटल्यासारखं दुखत होतं. तरी आवाज निघाला तो घुमणारा.

"वं भागे! जीभ गिळी लिधी का? तुना नवराले मी उलटा बसाडा, तू तेले सुलटा तं कर!"

पुन्हा हशा. उठलेले खाली बसले. भागाबाईंच्या अंगात जीव आला. त्यांचे डोळे वाहत होते, आवाज फुटला तो चिरका, पण सगळ्या नदीला ऐकू जाईल असा:

"मना हात झडो, वं कोके! मना हात झडो!"

दोन्ही काठांना वाटलं, ही नवीनच शिवी. भागी आता स्वतःलाच शिव्या देते! लोकांनी शिट्ट्या मारल्या. भागाबाई पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, "मना हात झडो, मनं बोट सडो, मी आंधळी व्हवो," आणि इकडून अक्का ओरडत होत्या, "नको झडू दे, वं! त्याच हातानं सांजोऱ्या करायच्या आहेत!" इतकी मोठी क्षमा इतक्या मोठ्या आवाजात कोणी मागितली नसेल, आणि दिलीही नसेल. हजार माणसं ऐकत होती. कळत होतं तिघींनाच.

गौराई डोहात सोडल्या. सांजोऱ्या वाटल्या. मोहिनी मॅडम खाली आल्या तेव्हा अक्का पदर न सोडता घोटभर पाणी पीत होत्या.

"अक्का, पदर बाजूला घ्या."

"राहू द्या मॅडम."

"घ्या म्हणते."

अक्कांनी घेतला. मॅडमनी भुवई पाहिली. मग त्यांची नजर खाली, ओटीच्या फुगवट्यावर गेली. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "कोणी?"

"माझं माहेर बुद्रुक आहे, मॅडम. माहेरचं ओटीत आलं. तुम्हीही लेक आहात कोणाची. माहेरानं ओटीत घातलेलं कोणी परत देतं का? त्याची तक्रार करतं का?"

मागे भागाबाई उभ्या, हात पुढे केलेले, बेडी घाला म्हटल्यासारखे. मॅडमनी त्या हातांकडे पाहिलं, काठावरून मिसळून घरी चाललेल्या लोकांकडे पाहिलं. दोन्ही गावचे पुरुष एकमेकांना "घोडावर उलटा" सांगून पुन्हा हसत होते.

"जिला लागलं तिची तक्रार नाही," मॅडम म्हणाल्या. "मग मी काय लिहू? चला, माझ्या गाडीतून दवाखान्यात सोडते."

"पोलीसगाडीत बसले तर सगळं गाव धावत येईल. मी चालत घरी जाते, दवाखान्याचं उद्या बघू. वाट माझ्या सवयीची आहे."

दुसऱ्या दिवशी दोंडाईच्याला तीन टाके पडले. गावाला सांगितलं, लागलंय. काय लागलं ते कोणी विचारलं नाही, आणि अक्का खोटं बोलल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी भागाबाई पूल ओलांडून आल्या. निळी खुर्ची मागे टाकून, लाल खुर्चीजवळून, सरळ खुर्दात. पौषानंतर बुद्रुकचं माणूस पहिल्यांदा चालत आलं. पोलिसांशिवाय, बोलावल्याशिवाय. दारातली माणसं बघत राहिली. कोणी हटकलं नाही. धनसिंग आबांनी तर "या भागाबाई" म्हणून हात जोडले. भागाबाई अक्कांच्या ओसरीवर बसल्या, डब्यातली हळद तेलात कालवून टाक्यांच्या भोवती लावू लागल्या.

मग त्या म्हणाल्या, "तो गोटा दे माले. नदीमा टाकी देस. डोयासमोर नको."

"नाही देणार."

"कोके..."

"ओटीतलं आहे. शिवाय कामाचा आहे. चांगला जड."

ज्येष्ठात कोर्टात तडजोड मांडली गेली आणि मान्य झाली. ठाण्यासमोर फोटो निघाला. धनसिंग आबा, दोन्ही सरपंच, हार, फुलं. झुलालसुद्धा कडेला हसतोय. अक्का त्यात नाहीत, भागाबाईही नाहीत. त्या दिवशी दोघी बुद्रुकमध्ये भागाबाईंच्या गच्चीवर कुरडया घालत होत्या, आणि कोणी बोलवायला आलं तर "चीक सुकेल" म्हणून सांगितलं.

खुर्च्या पुलावरून उठल्या. लाल अंगणवाडीत गेली. निळी भागाबाईंनी घरी नेली. पुना आप्पा तीवर बसून चहा पितात, आणि कधी कोणी थट्टेनं म्हणालंच की आप्पा, सुलटे बसा, तर मोठ्यानं हसतात.

गोटा अक्कांच्या स्वयंपाकघरात आहे. दह्याच्या गाडग्याच्या झाकणावर, मांजर झाकण पाडू नये म्हणून. भागाबाई येतात तेव्हा स्वतःच्या हातानं तो उचलून बाजूला ठेवतात, ताक घेतात, आणि जाताना परत जागेवर ठेवतात. हळू, अगदी हळू ठेवतात.

"जोरात ठेवलास तरी चालेल," अक्का म्हणतात. "गाडगं पक्कं आहे."